अकरावा दिवस उलटून गेला तरी

आमच्या लॅब्रेडॉर कुत्रीच्या, जुईच्या, पहिल्या दोन माजांत आम्ही मेटिंगचं नावही काढलं नव्हतं. लॅब्रेडॉर मादी दोन वर्षांची होऊ द्यायची, कंबरेच्या आणि कोपराच्या सांध्यांचे एक्स-रे, डोळ्यांची तपासणी हे सगळं आधी उरकायचं, आणि पिल्लांना घरं ठरलेली असतील तरच पुढे जायचं, हे घरात पक्कं होतं. पण त्या दोन्ही वेळी मी वही मात्र ठेवली होती. पहिलं रक्त कधी दिसलं, रंग कधी फिकटला, शेपटी कधी बाजूला घ्यायला लागली, फाटकाबाहेर नरांची हजेरी कधी सुरू झाली आणि कधी संपली. ती दोन पानं शेजारी ठेवली तर एकाच कुत्रीची आहेत असं कुणी म्हणणार नाही. एकदा रक्त आठवडाभरात ओसरून गव्हाळ पाणी दिसायला लागलं होतं. दुसऱ्यांदा माज संपेपर्यंत लालच.

म्हणून जेव्हा नर पसंत केला आणि त्याच्या मालकांनी दिवस सांगितले तेव्हा मी जरा बिचकले. काकांनी आयुष्यभर लॅब्रेडॉर पाळलेत. माणूस प्रेमळ, कुत्रा उत्तम. त्यांचा हिशोब सरळ होता. "ताई, रक्त दिसलं की तो पहिला दिवस. अकराव्याला आणा, तेराव्याला परत आणा. इतकी वर्षं हेच करतोय."

"आणि गाभण राहिली नाही तर?"

"नाही राहिली तर पुढच्या हीटला."

पुढची हीट म्हणजे साधारण सहा-सात महिने. घरं ठरवून बसलेल्या लोकांना काय सांगायचं, हा प्रश्न तेव्हाच डोक्यात आला.

काकांचा नियम अगदीच निराधार नाही, हे आमच्या डॉक्टरांनीच समजावलं. माजाचा पहिला टप्पा, म्हणजे रक्त जातं पण मादी नराला जवळ येऊ देत नाही तो, सरासरी ९ दिवसांचा. नंतरचा, जवळ येऊ देण्याचा, तोही सरासरी ९ दिवसांचा. शिवाय निरोगी नराचं वीर्य मादीच्या शरीरात ५ ते ७ दिवस तग धरतं. त्यामुळे अकरा-तेराचं जाळं बऱ्याच माद्यांना पुरतं. पण सरासरीच्या दोन्ही बाजूंना पसारा मोठा आहे. काहींचं बीज, म्हणजे अंडाशयातलं अंडं, पहिल्या आठवड्यातच सुटतं, काहींचं तीन आठवडे उलटल्यावर, आणि त्या सगळ्या निरोगीच असतात. आपली कुत्री कुठल्या टोकाला आहे हे दिवस मोजून कळत नाही. त्यातून पहिला दिवस तरी नेमका कुठला? स्वच्छतेची आवड असलेली मादी इतकं चाटून घेते की मालकाला रक्त दिसेपर्यंत दोन-तीन दिवस सहज निघून गेलेले असतात. जुई त्यातलीच. माजाचा अंदाज आला तसं मी तिच्या गादीवर जुनी पांढरी चादर घातली आणि रोज सकाळी उठल्या उठल्या, ती चाटायच्या आत, पांढरा टिश्यू लावून बघायला लागले. योनीमुख सुजायला लागलं होतं, चार-सहा ठिकाणी थोडं थोडं मूतून ठेवणंही सुरू झालं होतं, आणि मग एका सकाळी टिश्यूवर गुलाबी ठिपका आला.

त्याच आठवड्यात दवाखान्यात पहिली फेरी झाली. डॉक्टरांनी ग्लोव्ह घालून आत बोटाने तपासलं. काही माद्यांमध्ये योनीमार्गात अरुंद कडं किंवा पडद्यासारखी पट्टी असते. तशी असली तर मेटिंगच्या वेळी मादी वेदनेने उसळते आणि सगळे म्हणत बसतात, "हिला नर आवडला नाही." जुईचं ठीक होतं. ब्रुसेला कॅनिसची रक्ततपासणी दोघांचीही करायची असं डॉक्टरांनी बजावलं. हा जंतू मेटिंगमधून पसरतो, गर्भपात घडवतो, नराला नापीक करतो आणि माणसालाही लागू शकतो. काकांना हे सांगायला मला संकोच वाटत होता. पण त्यांनी एका शब्दाने वाद न घालता रिपोर्ट पाठवला. लसी आणि जंताचं औषध आधीच झालेलं होतं.

मग स्मिअर, म्हणजे योनीतल्या पेशी काचेवर घेऊन बघणं. लांब कापसाचा बोळा सलाइनमध्ये बुडवून डॉक्टरांनी तो आधी वरच्या दिशेने, पाठीच्या कण्याकडे सरकवला आणि मग पुढे नेला. सरळ आत घातला तर खालच्या खळगीत अडकतो आणि कुत्रीला झोंबतो. बोळा काचेवर दाबायचा नाही, लोळवायचा. स्लाइड रंगवून झाल्यावर त्यांनी मला मायक्रोस्कोपमधून बघू दिलं. तांबड्या पेशींचा सडा पडला होता आणि त्यात गोल, गुबगुबीत, मध्ये मोठं केंद्रक असलेल्या पेशी. इस्ट्रोजेन हे संप्रेरक वाढतं तसं योनीचं अस्तर जाड होत जातं आणि वरच्या थरातल्या पेशी रक्तपुरवठ्यापासून लांब जाऊन सुकतात. नंतरच्या स्लाइडवर त्याच पेशी चुरगळलेल्या कागदाच्या कपट्यांसारख्या झाल्या होत्या. कडा टोकदार, केंद्रक आक्रसून ठिपक्याएवढं नाहीतर गायब. दहापैकी आठ-नऊ पेशी अशा दिसल्या की मादी खऱ्या माजात आली असं समजतात. पण यावरून बीज नेमकं कुठल्या दिवशी सुटलं ते कळत नाही. स्मिअर इस्ट्रोजेनची बातमी देतो, बीजाची नाही. माझ्या मते स्मिअरचा खरा उपयोग रक्ताची पहिली चाचणी कधी सुरू करायची हे ठरवायला आणि शेवटी खिडकी बंद झाली का हे बघायला. माज सरला की एका दिवसात गोल पेशी आणि पांढऱ्या पेशी परत येतात, तो फरक नवख्यालाही दिसतो.

दिवस नक्की करायला प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या संप्रेरकाची रक्तचाचणी. इथे कुत्र्यांची गंमत आहे. गाय, घोडी, मांजर यांच्यात प्रोजेस्टेरॉन मुख्यतः बीज सुटल्यानंतर वाढतं. कुत्रीमध्ये बीज सुटायच्या आधीच, अंडाशयातल्या पुटिका फुटण्यापूर्वी, ते चढायला लागतं. म्हणून हा आकडा आधी इशारा देतो. माजाच्या सुरुवातीला मिलिलिटरमागे १ नॅनोग्रॅमच्या खाली. २ च्या आसपास गेला की मेंदूकडून एलएच या संप्रेरकाची लाट आली असं समजायचं. त्यानंतर साधारण दोन दिवसांनी बीज सुटतं आणि तेव्हा आकडा ४ ते १० च्या दरम्यान, बहुतेकदा ५ ते ८ असतो.

रक्त घेताना मदतनीस मुलाने पिवळ्या झाकणाची नळी उचलली. डॉक्टर लगेच म्हणाल्या, "जेलची नको रे, साधी लाल घे." नळीतलं जेल प्रोजेस्टेरॉन शोषून घेतं आणि आकडा खरा असतो त्यापेक्षा कमी येऊ शकतो. चढत्या आकड्यावर सगळं अवलंबून असताना तेवढा फरकही दिवस चुकवायला पुरतो. प्रत्येक वेळी तीच लॅब, तेच मशीन, हीही त्यांची अट होती. दोन मशीनचे आकडे एकमेकांना जोडायचे नाहीत.

एककाचाही घोळ असतो. माझ्या एका मैत्रिणीने तिच्या कुत्रीचा १६ आकडा ऐकून घाबरून मला फोन केला होता, आता उशीर झाला म्हणून. रिपोर्ट नॅनोमोलमध्ये होता. नॅनोग्रॅमला ३.१८ ने गुणलं की नॅनोमोल येतात, म्हणजे तिचा आकडा नॅनोग्रॅममध्ये जेमतेम ५ होता. उशीर कसला, तिची खरी वेळ अजून दोन दिवसांवर होती. रिपोर्ट हातात आला की आधी आकडा नाही, त्याच्या शेजारची बारीक अक्षरं वाचायची.

जुईचा पहिला आकडा ०.४ आला. मग एक दिवस सोडून ०.७. आणि याच सुमाराला अकरावा दिवस उजाडला.

त्या दिवसाचं वर्णन केलंच पाहिजे. जुई पूर्ण तयारीत होती. शेपटीच्या मुळाशी नुसतं बोट लावलं की शेपटी एका बाजूला, मागचे पाय रोवलेले, योनीमुख वर उचललेलं. शेजारचा म्हातारा, कधीच नसबंदी झालेला कुत्रा कुंपणाजवळ आला तरी ती त्याच्याकडे पाठ करून उभी राहायची. एवढंच कशाला, सोफ्याच्या कडेला घासलं तरी शेपटी बाजूला. काकांचा सकाळी सातलाच फोन. "निघालात का?"

"काका, प्रोजेस्टेरॉन अजून एकच्या आत आहे."

"पण ती उभी राहतेय ना?"

"राहतेय."

"मग कुत्रीला कळतं की मशीनला?"

या प्रश्नाला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं, म्हणून डॉक्टरांना विचारलं. त्या हसल्या. कुत्रीला जे कळतं ते इस्ट्रोजेन उतरणीला लागून प्रोजेस्टेरॉन चढायला लागल्याचं. बहुतेकींमध्ये हे एलएचच्या लाटेच्या आसपास होतं, पण काही माद्या त्याच्या कितीतरी आधी उभ्या राहतात आणि काही नेमक्या दिवशी नराला फाडून खायला धावतात. वागणूक खोटी नसते, पण तिच्यावर तारीख लावता येत नाही. वर त्यांनी एक गोष्ट सांगितली जी मला तोपर्यंत कुणीच सांगितली नव्हती. कुत्रीचं बीज सुटतं तेव्हा ते कच्चं असतं. सुटल्यानंतर २ ते ३ दिवस त्याला पिकायला लागतात आणि मग पुढचे २-३ दिवस ते फळू शकतं. म्हणजे बीज सुटलं म्हणून त्याच दिवशी धावपळ करायची गरज नसते. नैसर्गिक मेटिंग असेल आणि नर तरुण, निरोगी असेल तर वीर्य आधी जाऊन वाट बघू शकतं, त्यामुळे थोडं पुढेमागे चालतं. थंड करून पाठवलेल्या वीर्याला तेवढी सवलत नाही. आणि गोठवलेलं वीर्य वितळवल्यावर जेमतेम १२ ते २४ तास टिकतं, तिथे तर बीज पिकल्याशिवाय हात घालायचा नाही.

आमचा नर लांब होता. काकांकडे जायचं तर मुक्काम करूनच, आणि ते सारखं जमणारं नव्हतं. त्यामुळे पुढेमागे चालतं या सवलतीवर विसंबायची माझी तयारी नव्हती. मी काकांना थांबायला सांगितलं. ते नाराज झाले. "तेरावा तरी गाठा," म्हणाले. तेराव्यालाही आकडा १ च्या वर जेमतेम सरकला होता. दरम्यान घरच्यांचीही चुळबूळ सुरू झाली. योनीमुखाची सूज उतरून ते मऊ, सुरकुतलेलं झालं होतं, रक्ताचा रंग फिका झाला होता, आणि सासूबाई रोज विचारायच्या, "अगं, निघून तर नाही ना गेली वेळ?" सूज उतरून मऊ पडणं ही खरं तर वेळ जवळ आल्याची खूण. पण हे तोंडाने सांगणं सोपं आणि रात्री झोप लागणं वेगळं.

त्यानंतरच्या रिपोर्टवर २.३ होतं. डॉक्टरांनी आकड्याभोवती गोल केला आणि म्हणाल्या, "एलएचची लाट आली, आजचा दिवस शून्य धरा." दोन दिवसांनी ६.१. बीज सुटलं. काकांना फोन केला की परवा येतो, आणि एक दिवस सोडून पुन्हा भेट ठेवू. ते क्षणभर गप्प. मग म्हणाले, "सतरा-अठरा दिवस झाले असतील आता. बघा बुवा. माझा कुत्रा तयार आहे."

मादीला नराकडे न्यायचं, नराला मादीकडे नाही, हा जुना रिवाज मला पटतो. नर स्वतःच्या अंगणात निर्धास्त असतो, परक्या घरी निम्मा वेळ कोपरे हुंगण्यात घालवतो. जुईला सकाळी खायला दिलं नव्हतं. काकांनी अंगणातल्या फरशीवर जाड रबरी चटई अंथरली होती, पाय घसरला की नर बिचकतो आणि पाठीला झटका बसतो म्हणून. दोघांना थोडा वेळ खेळू दिलं. काकांचा कुत्रा अनुभवी. त्याने कान चाटले, बाजूने मान टाकून बघितली, जुईने शेपटी वळवली आणि मग फार वेळ लागला नाही.

टाय, म्हणजे दोघं अडकणं, पहिल्यांदा बघणाऱ्याला घाबरवतं. नराच्या लिंगाच्या मुळाशी एक गाठ असते, ती आत गेल्यावर फुगते आणि मादीचे स्नायू तिला आवळून धरतात. नर पाय टाकून उलटा होतो आणि दोघं पाठीला पाठ लावून उभी राहतात. ५ मिनिटांपासून अर्ध्या तासापर्यंत, कधी त्याहून जास्त. या वेळात माणसाचं काम एकच, कुणी बसू नये, ओढू नये, लोळू नये एवढं बघायचं. ओढून सोडवलं तर दोघांनाही इजा होते. मी जुईच्या पट्ट्याला धरून गुडघ्यावर बसले, काका त्यांच्या कुत्र्यापाशी. जुई सुरुवातीला एकदा किंचाळली आणि वळून बघायला लागली. मी तिचं डोकं मांडीत घेतलं तशी शांत झाली. पुरुषांनी बादलीभर पाणी ओतून कुत्री सोडवलेली मी लहानपणी पाहिलेली आहेत. तो अडाणीपणा अजूनही कुठे कुठे चालतो. वेळ झाली की गाठ आपोआप उतरते.

सुटल्यावर काकांनी तिचे मागचे पाय उचलून धरायची तयारी केली. मी डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं की नीट टाय झाला असेल तर त्याची गरज नसते. अडकलेल्या वेळात नराचा जो पातळ स्राव येत राहतो तोच वीर्याला गर्भाशयात पुढे ढकलतो. काकांनी खांदे उडवले, पण पाय सोडले. एक दिवस मधे सोडून पुन्हा तेच. रोज केलं तर नराचं वीर्य विरळ होत जातं, म्हणून मधला दिवस मोकळा.

घरी आल्यावर पहारा ढिला करायचा नाही, हे फार कमी लोकांना ठाऊक असतं. मेटिंग झालं म्हणून माज संपत नाही. त्याच काळात दुसऱ्या नराने गाठली तर एकाच वेतात दोन बापांची पिल्लं होऊ शकतात. स्मिअरमध्ये गोल पेशी परत दिसेपर्यंत जुई दोरीशिवाय अंगणातही गेली नाही.

नंतरचा महिना वाट बघण्याचा. "प्रोजेस्टेरॉन परत करून राहिली का बघता येईल का?" असं मी विचारलं तर डॉक्टरांनी मान हलवली. कुत्री गाभण असो वा नसो, माजानंतर दोन महिने प्रोजेस्टेरॉन चढलेलंच राहतं. म्हणूनच तर इतक्या माद्या खोट्या गाभणपणात दूध आणतात आणि चपला गोळा करून बसतात. महिनाभराने सोनोग्राफी केली. पडद्यावर काळे गोल आणि त्यांच्या आत लुकलुकणारी हृदयं. किती आहेत ते सोनोग्राफीत नक्की मोजता येत नाही, ते शेवटच्या आठवड्यात एक्स-रेवर, पिल्लांच्या हाडांत पुरेसं कॅल्शियम आल्यावर.

आकड्यांचा सगळ्यात मोठा फायदा मला इथे झाला, मेटिंगच्या दिवशी नाही. मेटिंगपासून मोजलं तर कुत्रीची प्रसूती ५७ ते ७२ दिवसांत कधीही होऊ शकते. पंधरा दिवसांचा फरक. बीज सुटल्यापासून मोजलं तर ६३ दिवस, एखादा दिवस इकडेतिकडे. वहीत ६.१ आकड्याच्या पानावर मी पुढची तारीख लिहून ठेवली आणि डॉक्टरांनीही त्यांच्या कॅलेंडरवर ती मांडली. सिझेरियनची वेळ आलीच तर पिल्लांची फुप्फुसं तयार आहेत की नाही हे त्याच तारखेवर ठरणार होतं.

शेवटच्या आठवड्यात दिवसातून तीनदा थर्मामीटर. तारखेच्या आदल्या संध्याकाळी तिचं तापमान १०१ च्या घरातून ९८.६ वर आलं, म्हणजे प्रोजेस्टेरॉन कोसळलं आणि चोवीस तासांच्या आत काहीतरी होणार. मी काकांना कळवलं. त्यांनी विचारलं, "किती सांगितलीत एक्स-रेवर?" आठ. दुसऱ्या दिवशी दुपारपासून रात्रीपर्यंत आठ झाली, सगळी जिवंत, पाच नर आणि तीन माद्या. पुढच्या वेळी त्यांच्याकडे येणाऱ्या मादीच्या मालकाला काका काय सांगतात ते अजून कळायचंय. सध्या तरी त्यांनी आमच्या डॉक्टरांचा नंबर मागून घेतलाय आणि "ते लाल झाकणवाली नळी काय म्हणालात" हे दोनदा विचारलंय.